मयताहून थेट घरी

११ जानेवारी

अखेर कागद हलला. राष्ट्राध्यक्षांनी माझं नाव राजदूत म्हणून संसदेच्या नेमणूक समितीकडे पाठवलं. परराष्ट्र खात्यात हयात गेली, निवृत्ती दारात येऊन उभी राहिली, आणि आता हा मान. कोरिंगताईनं दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. मासळीवालीसुद्धा म्हणाली, "राजदूतबाई, आज बांगुस ताजा आहे." म्हटलं ताई, जरा दमानं घे, अजून समितीचा होकार यायचाय. तर म्हणते, "येईल की! तुझ्यात खोट काय काढणार ते? तोंड सोडलं तर."

बॅगा माळ्यावरून काढून हॉलमध्ये ठेवल्या आहेत.

माझ्या आधीचा राजदूत हिलारिओ किंतोस, मला जिथे पाठवताहेत त्या वाळवंटी राज्यातच डिसेंबरात हृदयविकारानं गेला. जाताना एक काम अर्धवट ठेवून गेला, आणि ते काम म्हणजे एक जिवंत बाई आहे. रोवेना मागबानुआ. आंतिके प्रांतातली, तिकडे घरकामाला गेलेली. मालकिणीशी जिन्यात झटापट झाली, मालकीण पडली आणि मेली. रोवेना म्हणते, तिनंच मला ढकललं, मी फक्त कठडा धरला. कोर्ट म्हणालं, खून. देहदंड.

आता मेलेल्या मालकिणीचे वडील माफ करतील तरच ती सुटेल. नातू, म्हणजे मालकिणीचा मुलगा, सज्ञान होईपर्यंत हा अधिकार म्हाताऱ्याचा, मग नातवाचा. नातवानं भर कोर्टात सांगितलंय, मी माफ करणार नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो सज्ञान होतो. किंतोस म्हाताऱ्याकडे गेला होता. तिथली रीत अशी, की मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफीचा पेला पुढ्यात ठेवतो आणि यजमान "पी" म्हणेपर्यंत तोंडाला लावत नाही. "पी" म्हटलं की मागणं मान्य. म्हातारा बराच वेळ पेल्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "राजदूतसाहेब, मला माझ्या मेलेल्या पोरीशी बोलू द्या. पुढच्या वेळी याल तेव्हा सांगतो."

पुढची वेळ आलीच नाही. वकिलातीत सध्या प्रभारी म्हणून दिन्दो सापलाला आहे. माणूस गुणी आहे. पण म्हातारा त्याला उंबऱ्यावरच सांगतो, "शब्द राजदूताला दिलाय. तुमचा राजदूत आला की बोलू."

म्हणजे मी गेले की बोलणार. बस, इतकं सोपं आहे.

१३ जानेवारी

किंतोसचा देह कागदपत्रं उरकून कालच मायदेशी आला, त्याच्या मयताला जाऊन आले. काचेखाली पावडर लावलेला चेहरा, वेगळाच कुणीतरी वाटला. तो कपाळाला चोळायचा त्या लवंगतेलाचा वास मात्र तिथेही होताच. मयताच्या सोबतीला बसलेले लोक पत्ते खेळत होते, कलिंगडाच्या बिया फोडत होते, पायाखाली टरफलांचा खच. मी इतकी वर्षं परदेशात राहून बावळट झालेय. सरळ झाडू मागितला. किंतोसची बायको किंचाळलीच, "मयत घरात असताना केर काढतात का? आणखी एकाला झाडून काढायचंय का घरातून?" ओशाळले.

निघताना ताईचा फोन. "थेट घरी यायचं नाही हं. मध्ये कुठेतरी थांब, कॉफी पी, बाजारात हिंड, पण थांब. मेलेला मागे लागून आला असेल तर तिथेच चुकू दे त्याला." म्हटलं, मला खासदार मालाबुयोककडे जायचंच आहे, समितीत आहेत ते, भेट ठरलीय. तिथेच थांबते. एका दगडात दोन पक्षी! ताई म्हणाली, "अगं पण कुणाच्या घरात—" गाडी आली म्हणून मी फोन ठेवला.

मालाबुयोक भला वाटला. घर माणसांनी भरलेलं. त्याची म्हातारी आई दोन्या बेनिता खिडकीपाशी बसली होती. माझा हात धरून म्हणाली, "इतकी काळ्या कपड्यांत कुठून आलीस, पोरी?" मी सांगितलं, मयताहून, सरळ इकडेच. माझं मेलीचं तोंड! वर हसून म्हटलं, "ताई म्हणाली मध्ये कुठेतरी थांब, म्हणून तुमच्याकडे थांबले."

कुणीच हसलं नाही. म्हातारीनं हात काढून घेतला. सून उठून आत गेली आणि मीठ आणून दारात टाकलं. खासदार बोलत राहिला, पण डोळे आईकडे. श्रीमंत माणसांनाही विनोद कळत नाही.

२० जानेवारी

दोन्या बेनिता गेली. पेपरात फोटो आहे. परवापासून ताप होता म्हणे. नव्वदी उलटलेली बाई, सोनं झालं तिचं.

ताई सकाळपासून माझ्यामागे लागलीय. "जा. पेटीवर हात ठेव आणि चुकलं म्हण." मी म्हटलं, काय चुकलं? विषाणू मी नेला का? आणि असं बघ, समितीपुढे नाव असलेल्या बाईनं खासदाराच्या दारात जाऊन रडणं म्हणजे लाच देण्यासारखंच. उद्या पेपरवाले लिहितील. खात्यातर्फे फुलांचं चक्र पाठवलंय, नियमाप्रमाणे.

ताई म्हणाली, "नियमाप्रमाणे मर तू."

घरात लवंगतेलाचा वास येतोय. ताईला विचारलं, गुडघ्याला लावलंस का? नाही म्हणाली आणि देवापुढची मेणबत्ती लावायला गेली.

८ फेब्रुवारी

समितीपुढे पहिली बैठक. सगळे गोड बोलले. मग मालाबुयोकनं माइक ओढला, दंडावर अजून सुतकाची काळी फीत. म्हणाला, "मॅडम, एकच प्रश्न. मयताहून निघालात की तुम्ही कुठे जाता?"

सभागृह हसलं. मीही हसले. म्हटलं असेल खेळीमेळीचा प्रश्न, उत्तरही तसंच द्यावं. "साहेब, मी इतके देश बदललेत की भुतांना माझा पत्ताच सापडत नाही."

मोठा हशा. तो हसला नाही. कागद आवरले आणि म्हणाला, "अध्यक्ष महाराज, हे नाव थांबवावं अशी माझी विनंती आहे."

झालं. त्या समितीचा नियमच तसा आहे. एका सभासदानं "थांबवा" म्हटलं की नाव पुढच्या बैठकीपर्यंत थांबतं, कारण द्यावं लागत नाही. बाकी सगळे राजी असले तरी.

बाहेर आल्यावर सहकारी म्हणाले, त्याच्या भाच्याला खात्यात नोकरी हवी असेल. असेलच. ह्या लोकांचं दुसरं काय असतं?

११ फेब्रुवारी

दिन्दो तुरुंगात भेटीला गेला होता. तिथून त्यानं रोवेनाशी बोलणं करून दिलं. मला कोणताही अधिकार नाही, नुसता आवाज ऐकायचा. पोरीचा आवाज अगदी साधा.

"मॅडम, तुम्ही येणार त्याच्या आदल्या दिवशी सांगाल ना? आम्हाला केस धुवायला वार ठरलेला असतो. मी मागून घेईन. राजदूतांसमोर बरं दिसायला पाहिजे."

म्हटलं, सांगते. किंतोससाठीही धुवायचीस का केस, विचारलं. म्हणाली, "हो. ते म्हणायचे, माझ्या मुलीसारखी दिसतेस. मॅडम, परवा रात्री ते आले होते. दारात उभे होते, पेला हातात घेऊन. म्हणाले, मला अजून पिऊ दिलेलं नाही."

दिन्दोनं घाईघाईनं फोन घेतला. "तिला झोप लागत नाही हो, मॅडम."

२२ फेब्रुवारी

पुन्हा "थांबवा". ह्या वेळी त्यानं विचारलं, मला एवढी घाई कशाची? खात्याचा सक्त हुकूम आहे की रोवेनाचं नाव उघड घ्यायचं नाही, बभ्रा झाला तर तिकडचं घराणं बिथरेल. म्हणून मी उभी राहून म्हटलं, "काही द्विपक्षीय संवेदनशील बाबी प्रलंबित आहेत." चोख उत्तर. खात्यातल्या साहेबांनी पाठ थोपटली.

मालाबुयोक म्हणाला, "बाबी थांबू शकतात."

९ मार्च

रोवेनाची आई आली. आंतिकेहून बोटीनं, मग बसनं. खात्याच्या फाटकाशी बसून होती. नानाय पासिंग म्हणतात तिला, नानाय म्हणजे आईच. मी तिला नियम समजावत होते तेवढ्यात ताई डब्यातून भात घेऊन आली आणि तिला सरळ घरी घेऊन गेली. आता ती आमच्या मागच्या खोलीत राहते. घरात काम करू नका म्हटलं तरी पहाटे उठून अंगण झाडते, असं की एक पान राहायचं नाही. खराट्याच्या आवाजानं मला जाग येते.

मला रोज एकच विचारते. "बाई, त्यांना कळत नाहीये का?" मी म्हणते, कुणाला? म्हणते, "ज्यांनी हो म्हणायचंय त्यांना."

२४ मार्च

संसद सुट्टीवर गेली. सुट्टी लागली की थांबलेलं नाव आपोआप पडतं. पुन्हा राष्ट्राध्यक्षांची सही, पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, मधल्या काळात तात्पुरती पाठवा मला, एका दिवसासाठी पाठवा, मी म्हाताऱ्यासमोर बसून येते. साहेब म्हणाले, "आणि उद्या समितीनं तुम्हाला नाकारलं तर? तिथल्या अमीरासमोर काय तोंड दाखवायचं देशानं?" देशाच्या तोंडाची एवढी काळजी!

दिन्दो म्हणतो, राजदूत नसलेली वकिलात म्हणजे कर्तं माणूस नसलेलं घर. "सगळे येतात, विचारपूस करतात, आणि निघून जातात, मॅडम. म्हातारा हल्ली उंबऱ्यावरही येत नाही. नोकर सांगतो, झोपलेत."

७ एप्रिल, गुड फ्रायडे

गल्लीत सकाळपासून येशूच्या यातनांचं गाणं चाललंय. नानाय पासिंग पाय दुमडून बसून सगळ्यांबरोबर गातेय, आवाज फाटलेला. मी खोलीत बसून राहिले. पडद्यावर तपकिरी पाकोळी दोन दिवस बसून आहे. आमच्याकडे म्हणतात, घरच्या कुणाचा जीव भेटायला आलेला असतो. मी तिला पेपरानं हाकलायला गेले. नानाय म्हणाली, "नका हो. साहेब असतील. वाट बघताहेत तुमची."

तिला किंतोसबद्दल मी काही सांगितलेलं नाही.

भीती वाटली. लिहूनच ठेवते, कारण दिवसा कुणाला सांगणार नाही.

१० मे

संसद उघडली. नाव पुन्हा गेलं. पहिल्याच बैठकीत पुन्हा "थांबवा". मालाबुयोकनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिथल्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. एका माणसाच्या रुसव्यावर एक देश अडतो, आणि ह्याला म्हणे लोकशाहीची खबरदारी! खबरदारी हवीच, मी नाही म्हणत नाही. पण नाही म्हणायचं तर म्हणा ना. हो नाही, नाही नाही, नुसतं लटकवून ठेवायचं. फासावरच्या माणसासारखं.

१८ मे

ताईनं आज मला अक्षरशः दंडाला धरून गाडीत घातलं. "खात्याची बाई घरी ठेव आणि चल," म्हणाली. मालाबुयोककडे गेलो. तिनं गाडीतच बसून मला एकटीला पाठवलं.

त्यानं स्वतः कॉफी आणली. भिंतीवर दोन्या बेनिताचा फोटो, पुढे सांपागिताच्या पांढऱ्या फुलांचा हार. काय बोलावं सुचेना. पेला समोर ठेवला आणि फोटोकडे बघत म्हटलं, "आईसाहेब, चुकलं माझं."

त्यानं फोटोपुढचा हार सारखा केला. मग तो म्हणाला, "मला खुळा समजू नका, मॅडम. आईचं वय झालं होतं, ख्रिसमसच्या आधीच सांगितलं होतं डॉक्टरांनी. पण शेवटपर्यंत ती विचारत राहिली, ती बाई कुणाला घेऊन आली रे आपल्या घरात? घाबरून गेली माझी आई. घाबरत गेली. तुम्ही पेटीपाशी येऊन एवढंच म्हणाला असतात ना, मी त्याच दिवशी विसरलो असतो. तुम्ही फुलं पाठवलीत. कार्डावर खात्याचा शिक्का. वर भर सभेत चेष्टा केलीत."

मी म्हटलं, "माझ्यावर राग काढा. पण तिकडे रोवेना मरतेय."

"कोण रोवेना?"

त्याला माहीतच नव्हतं. मग सगळं सांगितलं, जिना, म्हातारा, नातू, सगळं. हुकूम गेला खड्ड्यात. तो उठून येरझाऱ्या घालायला लागला.

"द्विपक्षीय बाबी म्हणालात तुम्ही! बाबी! एक बाई आहे असं का नाही म्हणालात? मी काय राक्षस आहे?"

दोघेही रडलो, मोठी माणसं. शेवटी तो म्हणाला, "पुढच्या बुधवारी मी स्वतः नाव मांडतो. कॉफी गार झाली. प्या."

तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ मी पेल्याला हात लावला नव्हता.

२१ मे

दिन्दोनं रोवेनाला निरोप दिला, बुधवारी होकार, गुरुवारी मी तिथे. म्हाताऱ्याकडेही निरोप गेला. तो स्वतः बाहेर येऊन दिन्दोला म्हणाला, "उशीर केलात. पण येऊ दे." नातवाचा दिवस अजून आलेला नाही, त्यांच्या पंचांगात चंद्रावर ठरतं सगळं. वेळ आहे. विमानाचं तिकीट हातात आहे.

रोवेना म्हणाली म्हणे, मग मी केस बुधवारीच धुते.

२४ मे, सकाळ

उशिरा जाग आली. आज खराट्याचा आवाजच नाही. खाली आले तर अंगणात पानं तशीच. नानाय पासिंग पायरीवर बसलीय, केस मोकळे, विंचरलेले नाहीत. म्हटलं, बरं नाही का? म्हणाली, "बरी आहे, बाई. तुम्ही जा." बिचारी, काळजीनं रात्रभर झोपली नसेल. ताई तिच्याकडे बघून का रडायला लागली कुणास ठाऊक. शुभदिवशी रडायचं असतं का? येताना केक आणीन दोघींना. निघते.

२४ मे

होकार मिळाला. तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मालाबुयोक उठला, माझं नाव मांडलं, कुणाचा आक्षेप? कुणाचाच नाही. हातोडा पडला. टाळ्या. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पळा आता."

केकच्या दुकानात रांगेत उभी होते तेव्हा दिन्दोचा फोन आला. काल संध्याकाळी चंद्र हिशेबाआधीच दिसला म्हणे. नातू सज्ञान झाला, त्यानं त्याच क्षणी सही केली. आज पहाटे शिक्षा झाली. आधी कळवायची त्यांच्यात पद्धत नाही. म्हातारा आतल्या खोलीत बसून होता, त्याच्याजवळ काही अधिकार उरला नव्हता.

"केस ओले होते, मॅडम," दिन्दो म्हणाला. "तिला धुऊ दिले होते."

दुकानातली मुलगी विचारत होती, केकवर काय लिहू?

घरी आले. नानायला सांगायचं होतं. सांगायची गरज नव्हती. अंगण कुणी झाडलं नव्हतं.

३० मे

देह मिळाला नाही. तिकडेच पुरला. नानायच्या चुलत बहिणीच्या घरी, रिकाम्या टेबलावर फोटो ठेवून मयत मांडलं आहे. आज दुपारी ताईबरोबर गेले. मालाबुयोक आधीच येऊन बसला होता, कोपऱ्यात, बियांच्या टरफलांत पाय ठेवून. त्याच्या हातात कॉफीचा कप होता, भरलेलाच.

फोटोतले केस लांब, नीट बांधलेले. मी टेबलावर हात ठेवला. ह्या वेळी शिक्का नाही, फुलं नाहीत. म्हटलं, रोवेना, मी आले. राजदूत झाले ग मी.

पुढच्या आठवड्यात जायचं आहे. अमीरासमोर उभं राहून कागद द्यायचे, हसायचं, मग म्हाताऱ्याकडे जाऊन बसायचं. काय मागणार आता? तरी पेला ठेवणार पुढ्यात. पिणार नाही.

गाडीत बसताना ड्रायव्हर म्हणाला, कोपऱ्यावर कॉफीचं दुकान आहे, थांबवू? ताईनंही आशेनं बघितलं. तिची चूक नाही, सगळेच थांबतात.

म्हटलं, नको. थेट घरी चल.

ताईनं माझा हात धरला. घरी आल्यावर मी दार लावलं नाही, हॉलमधल्या बॅगा बाजूला सारून वाट मोकळी केली, आणि मागच्या खोलीत केस पुसायला स्वच्छ टॉवेल काढून ठेवला.